लुईला मागे का उभं केलं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रिचमंड नावाचं एक गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे पियानो बनवायचा मोठा कारखाना होता आणि कारखान्याच्या आवारात, रेल्वेच्या रुळांना लागून, एक खोली होती. त्या खोलीचा नियम मोठा गमतीचा. आगगाडीची चाहूल लागली की सगळ्यांनी वाद्यं खाली करायची आणि गप्प उभं राहायचं. डबे धडधडत निघून गेले की मग पुन्हा सुरुवात. कारण त्या खोलीत गाणी पकडली जायची! जेनेट कंपनीचा तो ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता.

एप्रिल 1923 मध्ये शिकागोहून एक बँड तिथे आला. सगळे वादक कृष्णवर्णीय. बँडचा प्रमुख होता किंग ऑलिव्हर. तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच, पण जरा आखूड असं पितळी वाद्य. बँडमध्ये दुसरा कॉर्नेटही होता आणि तो वाजवायला होता 21 वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. पुढे सगळ्या जगानं ज्याला डोक्यावर घेतलं, तोच हा लुई. पण त्या दिवशी मात्र त्याला सगळ्यांपासून लांब, दहा-पंधरा फूट मागे उभं केलं होतं. पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिननं ही आठवण नंतर सांगितली. बिचारा लुई मागे एकटाच उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता म्हणे.

त्याचं काही चुकलं होतं का? मुळीच नाही. त्याचा दम इतका दांडगा होता की तो जवळ उभा राहिला तर बाकी कुणाचं वाजवणं ऐकूच येईना!

आता तुम्ही म्हणाल, मग त्याचा माइकचा आवाज कमी करायचा. पण माइक होताच कुठे? खोलीत ना माइक, ना वायर, ना बटणं. होता फक्त एक कर्णा, तोंडाशी रुंद आणि मागे निमुळता होत गेलेला. सगळ्यांनी त्या कर्ण्याच्या तोंडापुढे दाटीवाटीनं उभं राहून वाजवायचं.

कर्ण्यातून गाणं पकडायचं कसं? एक छोटा प्रयोग करा. कागदाचा पेला दोन्ही हातांत धरा, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्यानं ‘आऽऽ’ म्हणा आणि बोटं पेल्याच्या बुडाला लावा. बूड थरथरतंय ना? आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर कागदात शिरली. कर्णा नेमकं हेच करायचा. खोलीभरच्या आवाजाची थरथर गोळा करून ती निमुळत्या टोकाशी बसवलेल्या पातळ पडद्यावर नेऊन आदळवायचा. पडदा थरथरला की त्याला जोडलेली अणकुचीदार सुई हलायची आणि सुईखाली फिरत असायची मेणाची जाड तबकडी. मेण आधी कोमट करून मऊ केलेलं असायचं. सुई त्यात केसासारखी बारीक, नागमोडी खाच कोरत जायची. लुईनं कॉर्नेट फुंकला की खाचेला एक वळण आणि लिलनं पियानोची पट्टी दाबली की दुसरं वळण.

विचार करा, या सगळ्यात वीज कुठेच नाही! तबकडी फिरवायलासुद्धा बहुतेक स्टुडिओंत विजेची मोटार नसायची. एक जड वजन उंचावरून सावकाश खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीनं तबकडी एकसारख्या वेगानं फिरायची. सुईला हलवण्याची सगळी ताकद माणसाच्या फुफ्फुसांतून आणि हातांतून यायची. मला ही गोष्ट अजूनही अचंब्याची वाटते. त्या खाचेतला प्रत्येक कण कुणीतरी खरोखर श्वास ओतून हलवला आहे.

पण कर्ण्याचे हट्ट फार. फार खर्जातले आणि फार चढे आवाज त्याला पकडताच येत नसत. आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 पासून 20,000 पर्यंत कंप ऐकू येतात. कर्ण्याची धाव ढोबळमानानं 200 ते 2,500 एवढीच. त्यात ड्रमची आणखी एक पंचाईत. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजला की तो छातीत जाणवतो, कारण खर्जाचा जोरदार ठोका हवेला मोठा धक्का देतो. असा धक्का कर्ण्यात शिरला की सुई उडायची, शेजारच्या खाचेत घुसायची आणि अख्खी तबकडी वाया जायची. म्हणून बँडचा ड्रमवाला बेबी डॉड्स याला त्याचा मोठा ड्रम वाजवायची बंदी! त्यानं काय केलं? लाकडी ठोकळ्यांवर टकटक करून ठेका धरला. बिल जॉन्सन हा खरं तर बास हे मोठं तंतुवाद्य वाजवणारा. त्याचा खर्ज कर्ण्यापर्यंत पोचत नाही म्हणून त्याच्या हातात आला बँजो.

आणखी एक अट होती, वेळेची. दहा इंची तबकडी मिनिटाला साधारण 78 फेरे घ्यायची. तिच्यावर जेमतेम तीन मिनिटांची खाच मावायची. शिकागोच्या नाचाच्या सभागृहात हाच बँड एकेक गाणं लोकांचे पाय थकेपर्यंत वाजवत असे. इथे मात्र तीन मिनिटांत सगळं आटपायचं. आज आपली गाणी तीन-चार मिनिटांची असतात, त्यामागे या छोट्या तबकडीचा मोठा हात आहे.

मेणाची तबकडी नुसती साचा काढण्यापुरती. तिच्यावरून धातूचा साचा बनायचा आणि साच्यातून दुकानातल्या तबकड्या दाबून काढायच्या. त्या कशाच्या असायच्या, ओळखा बरं! त्यात दगडाची भुकटी असायची आणि ती धरून ठेवायला चक्क लाख. हो, तीच, बांगड्यांची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे इवलेसे किडे राहतात आणि आपल्याभोवती राळेचं कवच तयार करतात. ही लाख त्या काळी जगाला मुख्यत्वे आपल्याच देशातून जायची. म्हणजे आपल्याकडच्या जंगलांतल्या किड्यांनी तयार केलेल्या लाखेवर अमेरिकेतला जॅझ कोरला जात होता.

आता लुईकडे परत येऊ. हा मुलगा शिकागोला आला कुठून? त्याचा जन्म 1901 चा, थेट दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला. घरची फार गरिबी. अकरा वर्षांचा असताना नव्या वर्षाच्या रात्री त्यानं गंमत म्हणून पिस्तूल हवेत उडवलं, पोलिसांनी पकडलं आणि त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट नीट शिकला. 1922 च्या ऑगस्टमध्ये किंग ऑलिव्हरनं त्याला बोलावलं आणि लुई गाडीत बसून शिकागोला आला.

तशाच गाड्यांनी त्या काळात लाखो कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून उत्तरेकडे निघाली होती. दक्षिणेत त्यांच्यासाठी आगगाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाणी पिण्याची जागाही वेगळी. कायद्यानं मताचा हक्क होता, पण नाना युक्त्या करून त्यांना मत देऊ दिलं जात नसे. उत्तरेत कारखान्यांत काम मिळत होतं. तिथे सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. 1919 मध्ये खुद्द शिकागोत वर्णद्वेषाची भीषण दंगल झाली आणि 38 माणसं मेली. तरी माणसं येत राहिली आणि येताना आपलं संगीत घेऊन आली. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरचा जॅझ असा शिकागोत आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोचला. म्हणूनच 1920 ते 1929 या दशकाला अमेरिकेत ‘जॅझचं युग’ म्हणतात.

तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांना मात्र आधी वाटायचं की कृष्णवर्णीय गायकांची गाणी घेणार कोण? ऑगस्ट 1920 मध्ये ओके नावाच्या कंपनीनं मेमी स्मिथ या गायिकेचं ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणं तबकडीवर घेतलं आणि दुकानांत उड्या पडल्या. कृष्णवर्णीय लोक आपल्या माणसाचा आवाज घरी आणायला किती आतुर होते, ते कंपन्यांना तेव्हा उमजलं. आगगाडीत काम करणारे कृष्णवर्णीय नोकर तर तबकड्यांची चळत सोबत न्यायचे आणि वाटेतल्या गावांत विकायचे.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकायला त्रास होईल, पण सांगायलाच हवी. रिचमंडच्या ज्या जेनेट कंपनीनं लुईचा कॉर्नेट तबकडीवर घेतला, तिनंच त्या वर्षांत कू क्लक्स क्लॅनच्याही तबकड्या पैसे घेऊन छापून दिल्या. ही संघटना कृष्णवर्णीयांचा, ज्यूंचा, कॅथलिकांचा आणि बाहेरून आलेल्या लोकांचा उघड द्वेष करायची. पांढरे झगे, तोंड झाकणाऱ्या टोकदार टोप्या, रात्रीच्या धमक्या. इंडियानात तर ती इतकी बळावली होती की 1924 साली तिच्या पाठिंब्यानं राज्याचा गव्हर्नर निवडून आला. अशा गावात येऊन लुईनं, लिलनं, बेबी डॉड्सनं वाजवलं. सुईला यातलं काय कळणार? तिच्यापुढे जो येईल त्याची थरथर ती कोरायची. निवड माणसांनी करायची होती.

तोवर दुसरीकडे हवेतून आवाज पाठवायची खटपट चालली होती. पिट्सबर्गमध्ये केडीकेए हे रेडिओ केंद्र 2 नोव्हेंबर 1920 ला बोलू लागलं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांची निवडणूक होती आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला होता. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र तो वापरू दिला जात नव्हता. त्या रात्री केडीकेएनं निकाल सांगितले आणि वॉरन हार्डिंग निवडून आल्याचं काही लोकांना घरबसल्या कळलं. वर्तमानपत्र यायला अजून सकाळ व्हायची होती!

दोनच वर्षांत अमेरिकेत पाचशेच्या वर केंद्रं झाली. आणि मुलांची तर चंगळच, कारण रेडिओ घरी बनवता यायचा. ओट्सचा गोल पुठ्ठ्याचा डबा घ्यायचा, त्याभोवती तांब्याची तार गुंडाळायची आणि गॅलेनाचा चमकदार खडा मिळवायचा. गॅलेना म्हणजे शिसं आणि गंधक यांचं खनिज. त्या खड्यावर एक बारीक तार हळूच टेकवायची. मुलं त्या तारेला मांजराची मिशी म्हणायची! खड्यावर नेमकी जागा सापडली की तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो आणि त्यामुळे रेडिओलहरीवर स्वार होऊन आलेला आवाज मोकळा होतो. कानाला हेडफोन लावला की झालं. बॅटरी नको, वीजजोडणी नको. आवाज ऐकवण्यापुरती ताकद ती लहरच घेऊन यायची.

रात्री तर आणखी नवल. दिवसा जवळचीच केंद्रं लागत आणि अंधार पडला की शेकडो मैलांवरचं गाणं खणखणीत ऐकू येई. आपल्या डोक्यावर फार उंच, हवेत विजेचा भार असलेल्या कणांचे थर आहेत. त्यातला खालचा थर सूर्याच्या उन्हानं तयार होतो आणि तो रेडिओलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परत जमिनीकडे वळतात. असा थर खरोखर आहे, हे इंग्लंडमध्ये एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी 1924 च्या डिसेंबरमध्ये दाखवून दिलं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लोकांनी रेडिओवर काय ऐकलं माहितीये? भांडण! डेमोक्रॅटिक पक्ष न्यूयॉर्कमध्ये आपला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत होता. त्या क्लॅनचं नाव घेऊन तिचा निषेध करायचा की नाही, यावरून पक्षात उभी फूट पडली आणि नाव घ्यायचा ठराव अगदी थोडक्यात हरला. मग उमेदवार काही ठरेना. मतदानाच्या एकामागून एक फेऱ्या होत गेल्या, तब्बल 103! दर फेरीला पहिलं नाव अलाबामा राज्याचं आणि दर फेरीला त्याची 24 मतं त्याच एका माणसाला, अंडरवूड यांना. ऐकून ऐकून ती घोषणा लोकांना तोंडपाठ झाली. आपले पुढारी बंद सभागृहात कसे वागतात, ते घरातल्या खुर्चीवर बसून देशाला ऐकायला मिळालं. मला विचाराल तर त्या वर्षीचा रेडिओचा सगळ्यात मोठा चमत्कार हाच.

रेडिओवरून आवाज दूरवर पाठवणं ज्या व्हॉल्व्हनं जमवलं, त्यानंच तबकडीचंही नशीब बदललं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्यात तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये असते एक जाळी. जाळीला किंचित वीज दिली की इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो, जशी बोटभर तोटी फिरवून टाकीतल्या पाण्याची धार कमी-जास्त करता येते. थोडक्यात, इवल्याशा इशाऱ्यावर मोठी वीज नाचते. ली डी फॉरेस्ट यांनी अशी नळी 1906 मध्येच बनवली होती. पुढे इंजिनिअरांनी ती सुधारली आणि तिच्या जोडीला चांगला मायक्रोफोन तयार केला. 1925 मध्ये मोठ्या कंपन्यांनी कर्ण्याला निरोप दिला. आता सुईला हलवायची ती वीज. माणसाच्या फुंकरीनं फक्त इशारा करायचा.

आणि मग सगळंच पालटलं! खर्ज ऐकू येऊ लागला. झांजेची बारीक किणकिण ऐकू येऊ लागली. मागच्या रांगेपर्यंत पोचायला ज्यांना ओरडून गावं लागायचं, ते गायक कानात सांगावं तसं हळू गाऊ लागले. लुईला मागे उभं करायची गरज राहिली नाही.

हार्लेममध्ये कॉटन क्लब नावाचा एक झगमगीत क्लब होता. अमेरिकेत तेव्हा दारू विकायला कायद्यानं बंदी होती, तरी तिथे ती मिळायची, कारण क्लबचा मालकच गुंडांचा म्होरक्या होता. 1927 च्या डिसेंबरमध्ये ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे वाजवू लागला. मंचावर सगळे कृष्णवर्णीय कलाकार आणि समोर बसायची परवानगी मात्र फक्त गोऱ्यांना. त्याच वस्तीत राहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला त्या दारातून आत जाता येत नसे. पण क्लबमध्ये रेडिओचा मायक्रोफोन आला आणि ड्यूकचं संगीत हवेतून निघालं. त्याला दार कोण लावणार? ज्यांना आत यायची बंदी होती, त्यांनीही ते आपल्या घरात ऐकलं.

त्या संगीताचा वारा आपल्याकडेही आला. 1930 नंतर कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. गोव्यातल्या हळदोण्याचा एक ट्रंपेटवाला, अँतोनियो शावियेर वाझ, चिक चॉकलेट नावानं इतका गाजला की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. संगीतकार सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ या चित्रपटाच्या संगीताला त्याची साथ होती. आजीला ‘अलबेला’तली भगवानदादांची गाणी लावून द्या, ती लगेच ताल धरेल.

आणि खुद्द लुईचं वाजवणं? ते तर सूर्यमालेच्या टोकाकडे निघालं. 1977 मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यावर लुईनं 1927 मध्ये शिकागोत वाजवलेलं ‘मेलँकली ब्लूज’ आहे आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पद्धत तीच जुनी, खाच आणि सुई. सुई तर यानासोबत दिलेलीच आहे.

ही जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज मिळतात. घरच्या मोठ्यांना दोन शोधून द्यायला सांगा. पहिलं रिचमंडच्या खोलीतलं ‘चाइम्स ब्लूज’, 1923 चं. त्यात लुई तबकडीवर पहिल्यांदा एकट्यानं वाजवतो. तिथे आवाज डब्यातून आल्यासारखा वाटेल आणि मोठा ड्रम शोधूनही सापडणार नाही. मग लगेच 1928 चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावा. सुरुवातीलाच लुई एकटा वाजवतो आणि आता तो अगदी समोर उभा आहे! शेवटपर्यंत ऐका हं, मध्येच बंद करू नका. सगळी वाद्यं थांबतात आणि एक छोटासा ‘टक्’ होतो. तो कुठल्या वाद्याचा ते आधी स्वतः ओळखा आणि मग पुढची ओळ वाचा.

झांजेचा. वाजवणारा झटी सिंगलटन, बँडचा ड्रमवाला.